पिळाला आडवा दांडा

चालती मोटार सतत पिळवटत असते. पुढचे डावे चाक खड्ड्यात उतरले आणि त्याच वेळी मागचे उजवे चाक गतिरोधकावर चढले, की गाडीचा पत्र्याचा सांगाडा ओल्या धुण्यासारखा पिळला जातो. हा पीळ मिलिमीटरच्या हिशेबातला असतो आणि गाद्या, रबरे, काचा यांच्या आड तो डोळ्यांना दिसत नाही. कानांना मात्र कळतो. डॅशबोर्ड करकरतो, मागच्या दाराचे लॉक खटखटते, वळणावर स्टिअरिंग फिरवले की गाडी क्षणभर रेंगाळते आणि मग वळते. हा पीळ आवरण्यासाठी सांगाड्याच्या दोन जागा एकमेकींना जोडणारा धातूचा दांडा म्हणजे ब्रेस. तो आपल्या हाताने, आपल्या इमारतीखाली कसा बसवावा, हा या पुस्तिकेचा विषय आहे.

कोणता बोल्ट आधी, कोणता नंतर, हे पुढच्या पानांत येईल. त्याआधी वाचकाशी जरा सविस्तर बोलायचे आहे, कारण या विषयात माहितीपेक्षा समजुतीच जास्त आहेत. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. धडधाकट गाडीत, योग्य जागी, नीट आवळलेला दांडा फरक पाडतो. गंजलेल्या, सांध्यांतले रबरी बुश गेलेल्या गाडीत तोच दांडा दुखणे झाकून ठेवतो. म्हणून ब्रेस बसवण्याचे निम्म्याहून अधिक काम म्हणजे गाडीखाली शिरून तिचा सांगाडा ओळखणे. घरच्या कामाचा मी पुरस्कार करतो तो पैसे वाचतात म्हणून नव्हे. त्या निमित्ताने मालक एकदा तरी आपल्या गाडीच्या पोटाखाली जातो, हे मला मोलाचे वाटते.

साकीनाक्यात बसून हे लिहिण्यालाही कारण आहे. अंधेरी-कुर्ला रस्ता आणि साकी विहार रस्ता इथे मिळतात. जून २०१४पासून डोक्यावरून मेट्रो धावते, तरी खालची वाहनांची रांग हटलेली नाही. खैरानी रोडकडे वळले की गाळे सुरू होतात: लेथ, प्रेस, वेल्डिंग, पावडर कोटिंग, पत्राकाम. एखाद्या पट्टीला मोजून भोक हवे, चकती कापून हवी, बोल्टाचे मेलेले आटे पुन्हा पाडून हवेत, तर त्यासाठी लांब जावे लागत नाही. साकी विहार रस्त्याने वर गेले की लार्सन अँड टुब्रोचा पवईचा कारखाना लागतो आणि त्यापुढे आयआयटी. तिथल्या विद्यार्थ्यांच्या रेसिंग संघाने स्वतः बांधलेल्या इलेक्ट्रिक गाड्या ब्रिटनमधल्या सिल्व्हरस्टोनच्या स्पर्धेत उतरवल्या आहेत. अशी गाडी बांधणाऱ्या कोणत्याही संघाला चौकट किती पिळली जाईल, याचे गणित सुरुवातीलाच मांडावे लागते. म्हणजे या एका रस्त्याच्या टप्प्यात सांगाड्याचे गणितही आहे आणि तो जोडणारे हातही आहेत. नसतो तो या दोघांमधला संवाद. गाळ्यातला कारागीर उत्तम वेल्ड करतो, पण हा दांडा ताणला जाणार की दाबला जाणार, हे त्याला कुणी सांगत नाही. गाडीच्या मालकाने ते सांगायला शिकावे, ही या पुस्तिकेची खरी धडपड आहे.

थोडे मागे जाऊ. मोटारींच्या पहिल्या पिढ्यांत चेसिस आणि बॉडी या दोन वेगळ्या वस्तू होत्या. दोन लांब पोलादी तुळया, त्यांना जोडणारे आडवे क्रॉस मेंबर, त्यावर इंजिन आणि चाके. वरची बॉडी म्हणजे नुसता पेहराव. ट्रक आजही असेच बांधले जातात. महिंद्राची जीप अशीच होती आणि २००२ साली नाशिकच्या कारखान्यातून बाहेर पडलेली स्कॉर्पिओही अशीच. १९२२च्या लान्सिया लॅम्डाने आणि त्यानंतर १९३४च्या सिट्रोएन ट्रॅक्शन आव्हाँने दुसरी वाट धरली. वेगळी चेसिस नाहीच. तळ, खांब, छत, पुढची भिंत असा सगळा पत्रा मिळूनच भार वाहतो. यालाच मोनोकॉक म्हणतात. वजन घटते, गाडी बुटकी होते, आत जागा वाढते.

ही दुसरी पद्धत मुंबईत आली ती साकीनाक्याच्या शेजारी, कुर्ल्यात. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली. १९४७पासून कुर्ल्याच्या कारखान्यात गाड्या जुळवल्या जाऊ लागल्या आणि १९५४पासून फियाट ११००. तीच गाडी रूप बदलत पुढे प्रीमियर पद्मिनी झाली आणि काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रंगात या शहराची ओळख बनली. त्या कारखान्याच्या जमिनीवर आज कोहिनूर सिटीच्या इमारती उभ्या आहेत, आणि ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस टॅक्सी म्हणून पद्मिनीचे दिवस संपले. पद्मिनी मोनोकॉक होती, हे तिच्या डेंटरला पुस्तक न वाचता ठाऊक होते. तिच्या तळाचा किंवा दारांखालच्या उंबऱ्याचा पत्रा सडला, की नुसता रंग फासून भागत नसे. नवा पत्रा कापून, जोडूनच घ्यावा लागे. नाहीतर दारे लोंबत आणि बंद होताना घासत. जीपच्या तळाला भोक पडले तर पाय ओले होतात. पद्मिनीच्या तळाला पडले तर तिचे हाड झिजलेले असते. १९८३ची मारुती ८०० असो, १९९८ची पुण्यात घडलेली टाटा इंडिका असो किंवा आज तुमच्या इमारतीखाली उभी असलेली हॅचबॅक असो, सगळ्यांना हाच नियम लागू आहे. त्यामुळे ब्रेसचा विचार हा मुख्यतः मोनोकॉक गाडीचा विचार आहे.

पीळ म्हणजे काय, हे हातांना कळावे म्हणून एक प्रयोग घरीच करून पाहावा. जाड कागदाची नळी करून कडा डिंकाने चिकटवा. वाळल्यावर दोन्ही टोके धरून पिळा. नळी हटून बसते. आता तीच नळी कात्रीने लांबीच्या दिशेने सरळ चिरा आणि पुन्हा पिळा. बोटांच्या हलक्या जोरानेही ती फिरते. कागद तोच, वजन तेच, फक्त एक चीर पडली. पोलादाचे गणितही असेच आहे. ५० मिमी व्यासाच्या, २ मिमी जाडीच्या बंद पाइपला जेवढा पीळरोध असतो, तेवढा त्याच पाइपाला उभी चीर दिल्यावर राहत नाही. तो चारशे पटींहून अधिक घटतो. पिळाशी झुंजण्याचे बळ धातूच्या जाडीत थोडे आणि आकार बंद असण्यात फार असते.

मोटारीचा सांगाडा ही अशीच बंद नळी असती तर ब्रेसची गरजच पडली नसती. पण माणसे आत बसायची म्हणजे दारे हवीत, समोरचे दिसायला काच हवी, सामानाला मागे उघडणारे झाकण हवे. प्रत्येक उघडी जागा म्हणजे नळीला दिलेली एक चीर. सेडानमध्ये मागच्या सीटच्या पाठीशी पत्र्याची भिंत आणि काचेखाली पत्र्याची फळी असते. ती पीळ अडवते. हॅचबॅकमध्ये दोन्ही नसतात, त्यामुळे तिचा मागचा भाग जास्त हलतो. छत उघडणाऱ्या गाडीचे तर छतच जाते. म्हणून तिच्या तळाला कारखान्यातूनच जादा दांडे लावलेले असतात. पुढची काच आजकाल गोंदाने घट्ट चिकटवलेली असते आणि तीसुद्धा पीळ अडवायला हातभार लावते. काच बदलताना स्वस्तातला गोंद लावून घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

हा पीळरोध मोजतात न्यूटन-मीटर प्रति अंश या मापात. गाडीचा मागचा भाग घट्ट पकडायचा, पुढच्या सस्पेन्शनची वरची टोके धरणाऱ्या पत्र्याच्या दोन टॉवरांवर उलटसुलट जोर द्यायचा आणि सांगाडा एक अंश फिरायला किती जोर लागला ते पाहायचे. आजच्या चांगल्या सेडानमध्ये हा आकडा वीस हजारांच्या पुढे जातो. जुन्या छोट्या गाड्या याच्या बऱ्याच खाली असत. आकडा मोठा असण्याचा फायदा स्टिअरिंगवर बसलेल्याला कळतो. सांगाडा स्वतःच स्प्रिंगसारखा वागला, तर सस्पेन्शनच्या स्प्रिंगा आणि शॉकअप आपले काम धड करू शकत नाहीत. चाकाची रस्त्याशी पकड अर्ध्या वाटेवर पत्र्यात हरवते.

आता दांड्यांकडे वळू. बाजारात बरीच नावे ऐकू येतात, पण मुख्य जागा मोजक्याच. पुढे बॉनेटखाली दोन स्ट्रट टॉवरांना जोडणारा वरचा दांडा. पुढेच, पण खाली, लोअर आर्म जिथे सबफ्रेमला धरलेले असतात तिथला आडवा दांडा. मधल्या तळाखालचे दांडे. आणि मागे डिकीत किंवा मागच्या सस्पेन्शनजवळ बसणारे. यांतला पहिला सर्वांत लोकप्रिय, कारण तो दिसतो आणि बसवायला सोपा असतो. त्याच्याविषयी थोडे जास्त बोलतो.

अर्ल मॅकफर्सन या अभियंत्याने विकसित केलेले स्ट्रट सस्पेन्शन १९५०च्या सुमारास फोर्डच्या ब्रिटनमधल्या कॉन्सल गाडीत आले आणि नंतर जगभरच्या छोट्या गाड्यांनी ते उचलले. यात वरचा वेगळा आर्म नसतो. स्प्रिंग आणि शॉकअप मिळून एक उभा खांब होतो, आणि त्याचे वरचे टोक पत्र्याच्या घुमटाकार टॉवरला तीन किंवा चार नटांनी धरलेले असते. त्यामुळे वळणावर गाडीचे फक्त वजनच टॉवरवर येत नाही, तर तिरका जोरही येतो. बाहेरच्या चाकाकडचा टॉवर आत ढकलला जातो, चाकाचा कल किंचित बदलतो, टायर रस्त्यावर हवा तसा बसत नाही. दोन्ही टॉवर एकमेकांना जोडले की एकावर आलेला आडवा जोर दुसरा वाटून घेतो. अमेरिकेत १९६४ साली आलेल्या फोर्ड मस्टँगमध्ये सस्पेन्शनची रचना वेगळी होती, पण स्प्रिंगांचे टॉवर तसेच होते. त्यांना इंजिनमागच्या भिंतीशी जोडणारा जो भक्कम दांडा होता, त्याचे नावच एक्स्पोर्ट ब्रेस. परदेशच्या खराब रस्त्यांवर जाणाऱ्या गाड्यांसाठी तो होता. टॉवर ते टॉवर जाणारा मॉन्टे कार्लो बारही त्याच कुळातला. मुंबईच्या रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याला या इतिहासाचे वेगळे स्पष्टीकरण लागू नये.

या दांड्याचे काम एकाच दिशेने होते: लांबीच्या. तो ताणला जातो किंवा दाबला जातो. म्हणून सरळ दांडा चांगला. इंजिन चुकवण्यासाठी कमानीसारखा वाकवलेला दांडा दाबाखाली आणखी वाकतो आणि जोर पुढे पोचवत नाही. टोकाला एकाच बोल्टावर फिरणारा सांधा असेल तर तो आडवा जोर घेतो, पण टॉवरांचा पीळ अडवत नाही. प्लेटला वेल्ड केलेला अखंड दांडा दोन्ही कामे करतो. धातूबद्दल तर फार गैरसमज आहे. चकचकीत ॲल्युमिनियमचा कडकपणा त्याच आकाराच्या पोलादाच्या एकतृतीयांश असतो. पोलादाचा साधारण २१० गिगापास्कल, ॲल्युमिनियमचा ७०. आणि महागडे, जास्त ताकदीचे पोलाद घेतले म्हणून दांडा जास्त कडक होत नाही. ते तुटायला वेळ घेते, पण ताणले जाते साध्या पोलादाइतकेच. खैरानी रोडच्या गाळ्यात मिळणारा साधा पोलादी पाइप आणि ५ मिमीची प्लेट एवढ्यात उत्तम वरचा दांडा तयार होतो. आधी पुठ्ठ्याचा साचा कापून टॉवरवर नीट बसवून पाहावा, बॉनेट बंद करून वर जागा उरते का ते तपासावे आणि मगच प्लेट कापायला द्यावी. बॉनेटच्या आतल्या बाजूला भिजवलेल्या मातीचा गोळा चिकटवून झाकण मिटले, की किती अंतर शिल्लक आहे ते त्या गोळ्यावर उमटते.

खालच्या दांड्याबाबत मात्र मी घरच्या कल्पकतेला मुरड घालायला सांगेन. तो खास त्या गाडीसाठी बनवलेलाच घ्यावा. तिथे बसणारे बोल्ट सबफ्रेमचे, म्हणजे सस्पेन्शन आणि स्टिअरिंगचा भार वाहणारे असतात. शिवाय जागेचा प्रश्न आहे. आपल्या हॅचबॅकचा जमिनीपासूनचा उंचावा साधारण १६० ते १७० मिमी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. गल्लीबोळांतले गतिरोधक हा नियम पाळतात का, ते आपण रोज पाहतो. त्यात चार माणसे बसल्यावर गाडी आणखी खाली जाते. अशा वेळी खाली लटकणारा २५ मिमीचा दांडा आपटला, तर तो फटका थेट सबफ्रेमला जातो. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला पुढचा खालचा दांडा लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घाटातून नेहमी जाणारी, मागून हलकी वाटणारी हॅचबॅक असेल तर मागच्या दांड्याचा विचार आधी करावा. तिथे फरक जास्त जाणवतो.

आणि त्याहीआधी गाडीची तपासणी. विहार आणि पवई तलावांचे जादा पाणी घेऊन निघालेली मिठी नदी साकीनाक्याजवळून कुर्ल्याकडे जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, तेव्हा या पट्ट्याचे काय झाले ते इथल्या जुन्या रहिवाशांना सांगायला नको. तेवढा पाऊस दरवर्षी पडत नाही, पण चाकभर पाण्यातून गाडी काढण्याची वेळ दर पावसाळ्यात येतेच. हे पाणी उंबऱ्याच्या पोकळीत, स्पॉट वेल्डच्या शिवणीत, जॅक लावायच्या जागी साचते आणि पत्रा आतून खाते. बाहेरून रंग शाबूत दिसतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने त्या जागा ठोकून पाहाव्यात: चांगला पत्रा टणटणीत वाजतो, सडलेला बद्द वाजतो आणि कधी मूठ आतही जाते. टॉवरच्या माथ्यावर नटांभोवती केसासारखी चीर आहे का, ते बॅटरीच्या उजेडात पाहावे. लोअर आर्मचे बुश, अँटिरोल बारची रबरे, शॉकअपचे माउंट आणि इंजिनचे माउंट हे चार तपासल्याशिवाय खटखटीचा दोष सांगाड्याला देऊ नये. माझ्या पाहण्यात आलेल्या कितीतरी गाड्यांत नवे बुश बसताच ब्रेसचा विषयच मिटला. तसे झाले तर आनंद मानावा. दांड्याचे पैसे टायरसाठी ठेवावेत.

घरी काम म्हणजे नेमके कुठे, हाही प्रश्न आहे. साकीनाक्याच्या चाळींत गाडी उभी करायलाच जागा नसते, तिथे तिच्याखाली झोपायला कुठून असणार? रस्त्याच्या कडेला हे काम करू नये. उतार असतो, रहदारी असते, कुणी धक्का दिला तर जीव जातो. ज्यांना इमारतीखाली खांबांमधली जागा आहे त्यांनी सोसायटीला सांगून, रविवारी सकाळी, जोडीला एक माणूस घेऊन काम करावे. जमिनीवर पेव्हर ब्लॉक असतील तर जॅक आणि स्टँडखाली किमान ६ मिमीची पोलादी प्लेट किंवा जाड प्लायवूड हवेच. भार आला की ब्लॉक एका बाजूने दबतो आणि स्टँड कलतो. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कुणीही, क्षणभरासाठीही, जाऊ नये.

वरच्या दांड्याला गाडी उचलायची गरज नाही; उलट ती चारही चाकांवर, सपाट जागी उभी असावी. वजन खाली असताना टॉवर आपल्या नेहमीच्या जागी असतात आणि नट सोडले तरी स्ट्रट तिथेच राहतो. एका बाजूचे काम पूर्ण झाल्यावरच दुसऱ्या बाजूला हात लावावा. टॉवरच्या मधोमध जो एक मोठा नट दिसतो त्याला मात्र पाना लावायचाच नाही. तो दबलेल्या स्प्रिंगला धरून ठेवतो. तो सुटला तर स्प्रिंग उसळते आणि समोरच्याला वाचायला वेळ मिळत नाही. या पुस्तिकेतली एकच सूचना वाचायची असेल तर ही वाचावी.

पुढचा प्रश्न आवळण्याचा. माउंटच्या बोल्टावर ५ मिमीची प्लेट चढली की नटाला तेवढे आटे कमी मिळतात. नट पूर्ण बसून वर निदान दोन आटे दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर प्लेट पातळ घ्यावी, नट अर्धवट धरू नये. बोल्टाच्या माथ्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे कोरलेले असतात. ८.८ म्हणजे ८०० मेगापास्कलला तुटणारा आणि त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत आपला आकार टिकवणारा. आकडा नसलेला बोल्ट सस्पेन्शनच्या आसपास फिरकू देऊ नये. ८ मिमीच्या नटाला साधारण २५ न्यूटन-मीटर लागतात, म्हणजे पाव मीटर लांब पान्याच्या टोकाला दहा किलोचा जोर. तगड्या माणसाचा हात सहज याच्या दुप्पट देतो आणि आटे मरतात. म्हणून टॉर्क रिंच हवा. नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या बाजारात तो मिळतो, किंवा चार शेजाऱ्यांनी मिळून एक घ्यावा. अचूक आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा. सबफ्रेमचे काही बोल्ट एकदाच वापरायचे असतात, तेही तिथेच कळते. प्लेटखालचा रंगाचा थर दबत जातो आणि नट ढिला पडतो, म्हणून शंभरेक किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा टॉर्क तपासावा. सबफ्रेमला हात लावला असेल तर अलाइनमेंट करून घ्यावी.

दांड्याने खरेच काही केले का, हे मनाच्या समाधानावर सोडू नये. बसवण्याआधी दोन टॉवरांच्या मध्ये एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या बांधाव्यात आणि आतल्या नळीवर, बाहेरच्या नळीच्या तोंडाशी, एक घट्ट रबरी कडी चढवावी. गाडी नेहमीच्या रस्त्यावरून एक फेरी मारून आणली की कडी किती सरकली ते मोजावे. टॉवर किती जवळ आले, याचा तो पुरावा. ब्रेस बसवल्यावर नळ्या त्याच्या शेजारी बांधून त्याच रस्त्यावर पुन्हा मोजावे. कडी आधीच जेमतेम हलत असेल, तर तुमच्या गाडीला दांड्याची गरज नव्हती. बऱ्याच आधुनिक गाड्यांचे टॉवर इंजिनमागच्या भिंतीशी पुरेसे जखडलेले असतात, तिथे हेच उत्तर मिळेल.

अखेरीस कायदा आणि अपघात, कारण हे दोन्ही एकाच धाग्यात आहेत. बेला बारेनी या अभियंत्याच्या कल्पनेवर मर्सिडीजने १९५९ साली अशी गाडी आणली, जिचा पुढचा भाग धडकेत मुद्दाम चुरगळतो, म्हणजे माणसांचा कप्पा वाचतो. आज प्रत्येक गाडी याच विचाराने घडते. गाड्यांच्या धडक-सुरक्षेचे भारत एनकॅप गुणांकन १ ऑक्टोबर २०२३पासून लागू झाले तेही याच आधारावर. पुढच्या तुळया कुठे आणि कशा दुमडाव्यात, हे ठरवलेले असते. त्यांच्या लांबीच्या दिशेने आपण काही जोडले, वेल्ड केले किंवा भोक पाडले तर तो हिशेब बिघडतो. वेल्डची उष्णता आजच्या उच्च ताकदीच्या पोलादाची ताकदही घालवते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये यावर पुन्हा बोट ठेवले. पुढे लावल्या जाणाऱ्या लोखंडी क्रॅश गार्डवर कारवाई करा, असे केंद्र सरकारने डिसेंबर २०१७मध्येच राज्यांना कळवले होते. म्हणून या पुस्तिकेत फक्त असलेल्या बोल्टांवर बसणारे आणि काढले की गाडी जशीच्या तशी राहील असेच दांडे घेतले आहेत. तरीही बसवण्याआधी विमा कंपनीला लेखी विचारावे आणि उत्तर गाडीच्या कागदपत्रांत ठेवावे.

वाचकाला विनंती इतकीच: गाडीचे सर्व्हिस मॅन्युअल मिळवा, गंज आणि बुश आधी तपासा, स्टँड टेकवल्याशिवाय गाडीखाली जाऊ नका. हे तिन्ही करायची तयारी असेल तरच पान उलटा.